छपरावरचे पाणी कोणाचे?

आकाशातून पडणारा पाऊस सर्वांचा, असे आपण सहज म्हणतो. जेथे पाऊस विपुल पडतो, तेथे या म्हणण्यावर कोणी वाद घालीत नाही. परंतु जेथे पाण्याचा थेंबन् थेंब मोलाचा, तेथे आपल्या छपरावर पडलेले पाणी कोणाचे, असा प्रश्न उभा राहतो. निरनिराळ्या प्रदेशांनी त्याचे निरनिराळे उत्तर दिले आहे.

राजस्थानातील थरचे वाळवंट पाहा. जैसलमेरच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटरच पाऊस पडतो. पुष्कळ ठिकाणी विहिरींचे पाणीही खारट लागते. म्हणून तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘टांका’ बांधीत आले आहेत. टांका म्हणजे जमिनीखालचा पक्का हौद. आपल्या गडांवरील ‘टाके’ या शब्दाचेच हे भावंड होय. जोधपूर, बिकानेर येथील जुन्या घरांत गच्चीवरचे पाणी पन्हळीवाटे अशा हौदात उतरते. उघड्या रानात हौदाभोवतीची जमीन उतरती करतात. तिला ‘आगोर’ म्हणतात. पावसाळ्यापूर्वी आगोर झाडून स्वच्छ करतात व तेथे गुरे जाऊ देत नाहीत. पाऊस साठविणे हे तेथे गृहस्थाचे कर्तव्यच मानले जाते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यही कोरडे आहे. परंतु तेथे याच गोष्टीला दीर्घकाळ मनाई होती! एकोणिसाव्या शतकात खाणवाले व शेतकरी तेथे वस्तीला आले आणि त्यांनी नद्यांतून पाट काढले. नदीचे पाणी ज्याने आधी उपयोगात आणले, त्याचा हक्क आधी, असा नियम रूढ झाला. १८७६ सालच्या राज्यघटनेने त्यास मान्यता दिली. छपरावरचा पाऊस ओघळून नदीलाच मिळणार. मग तो अडविणे म्हणजे खालच्या शेतकऱ्याचे पाणी घेणे, असा कायद्याचा अर्थ होता. या नियमामागे द्वेष नव्हता. ज्याचे पीक पाटावर अवलंबून आहे, त्याच्या हक्काची ती काळजी होती.

पण ते पाणी खरोखर नदीला मिळते काय? २००७ साली तेथील डग्लस परगण्यात याचा अभ्यास झाला. पावसाच्या १०० भागांपैकी सरासरीने अवघे ३ भाग नदीनाल्यांपर्यंत पोहोचतात, असे आढळले. उरलेले पाणी वाफ होऊन जाते किंवा झाडेझुडपे शोषून घेतात. २००९ साली काही विहीरवाल्या कुटुंबांना सवलत मिळाली. पुढे २०१६ च्या कायद्याने बहुतेक घरांना दोन पिंपे ठेवण्याची मुभा दिली. दोहोंत मिळून सुमारे ४१६ लिटर पाणी साठवावे आणि ते बागेस घालावे, एवढीच ती मुभा आहे. नदीवरील जुने हक्क कायमच राहिले.

आपल्या देशात तमिळनाडूने २००३ साली याच्या उलट पाऊल टाकले. तेथे प्रत्येक इमारतीवर पडणारे पाणी साठविणे वा जमिनीत मुरविणे बंधनकारक करण्यात आले.

एकीकडे कर्तव्य, दुसरीकडे मनाई, तिसरीकडे सक्ती! तरी तिन्हींच्या मुळाशी एकच जाणीव आहे. पाणी थोडे आणि तहानलेले पुष्कळ. आपले पिंप भरताना खालच्या शेताची आठवण ठेवणे, आणि नियम करताना खरी परिस्थिती तपासून पाहणे, यांतच शहाणपण आहे.

स्वाध्याय
१. ‘आगोर’ स्वच्छ का ठेवतात?
२. कोलोरॅडोतील जुना नियम कोणाच्या हितासाठी होता?
३. २००७ सालच्या अभ्यासात काय आढळले?
४. तुमच्या घराच्या छपरावरचे पाणी कोठे जाते, ते पाहून पाच ओळी लिहा.