हॉर्सपॉवर पाहावी की वजन?

कापड बाजारात ताग्याला हात लावल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. मोटरसायकल पाहणारे नौजवान मात्र आधी हॉर्सपॉवर विचारतात. हा हिशेब अर्धाच आहे.

1992 साली होंडाने फायरब्लेड बाजारात आणली. इंजिन 893 सीसी, ताकद सुमारे 122 हॉर्सपॉवर. त्या काळी कावासाकीच्या झेडझेडआर 1100 ची ताकद 147 होती. कागदावर होंडा हरलीच म्हणा ना! पण पेट्रोल-तेलाशिवायचे, म्हणजे कोरडे वजन पाहा. होंडा 185 किलो, कावासाकी 228. भागाकार केला तर किलोमागे होंडाच्या वाट्याला 0.66 हॉर्सपॉवर येते, कावासाकीच्या 0.64. शिवाय 43 किलो कमी असल्याने वळणावर गाडी झुकवणे आणि वेगात ब्रेक लावणे सोपे. होंडाचे अभियंते तादाओ बाबा यांचा सारा भर वजन कमी करण्यावर होता. लांब सरळ रस्त्यावर मात्र कावासाकीच पुढे. तिथे गाडीला हवा अडवते, वजन नव्हे.

1998 मध्ये यामाहाने हाच धडा होंडावर उलटवला. आर1 चे इंजिन 998 सीसी, ताकद 150 आणि कोरडे वजन 177 किलो. गिअरबॉक्सचे शाफ्ट एकमेकांच्या वर बसवून इंजिन आखूड केले होते. त्या वर्षीची फायरब्लेड 180 किलोची, ताकद सुमारे 130.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. हल्ली बऱ्याच कंपन्या पेट्रोल-तेलासह वजन छापतात. कोरड्याची तुलना कोरड्याशीच करा, नाहीतर पंधरा-वीस किलोंचा धोका ठरलेला.