वरचे पाणी, खालचे घर
(कौटुंबिक सहलीवरून एक धडा)

वाचनभाग: स्तोत्रसंहिता १०४:१०-१४; यहेज्केल ३४:१८-१९
उद्देश: आपण वरच्या अंगाला जे करतो ते खालच्या अंगाच्या शेजाऱ्याला भोगावे लागते, हे मुलांच्या व आपल्याही ध्यानात यावे.



पावसाळा सरल्यावर एका शनिवारी आम्ही घरची पाच माणसे पावागडला गेलो. बडोद्याहून हा डोंगर जेमतेम पन्नास किलोमीटर. सपाट मुलखातून एकदम उभा राहिलेला, सुमारे ८०० मीटर उंचीचा. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. परंतु मुलांना तो दाखवण्यामागे या वेळी माझा एक हेतू होता.

२०२४ सालच्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा आमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी शिरले. धाकट्या मुलीची शाळेची पुस्तके चिखलात गेली. तेव्हापासून रात्री पावसाचा आवाज वाढला की ती उठून बसते. तिची भीती ओरडून जाणार नव्हती. हे पाणी येते कोठून, हे तिला डोळ्यांनी दाखवावे असे मनात आले. कारण आपल्या शहरातून वाहणारी विश्वामित्री याच पावागडच्या डोंगरात उगम पावते.

डोंगरावर

पायथ्याच्या चांपानेरहून एस.टी.ने आम्ही माचीपर्यंत गेलो. तेथून वर जाण्यास पायऱ्या आहेत व १९८६ पासून रोपवेही आहे. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती माचीलाच सावलीत बसली. आम्ही चढू लागलो. वाटेत काळ्या दगडाचे थर एकावर एक रचल्यासारखे दिसतात. फार प्राचीन काळी जमिनीतून उसळलेला लाव्हा थिजून हा खडक झाला. असल्या उभ्या खडकावर पडलेला पाऊस थांबत नाही, धावत सुटतो.

परंतु येथे राहिलेल्या लोकांनी त्याला थांबवले. वरच्या पठारांवर तेलिया, दुधिया, छाशिया अशा नावांची तळी आहेत. पायथ्याशी वडा तलाव आहे. सुलतान महमूद बेगडा याने १४८४ मध्ये पावागड जिंकला व चांपानेर आपली राजधानी केली. त्या नगरात ठिकठिकाणी विहिरी, कुंडे व टाकी बांधलेली होती. रस्त्याच्या कडेला वळणावळणाने खाली उतरणारी एक विहीर आजही पाहावयास मिळते. १५३५ मध्ये हुमायूनने चांपानेर घेतले आणि पुढे ते ओस पडले. २००४ साली युनेस्कोने हा सारा परिसर जागतिक वारसा म्हणून मान्य केला. मुलांना मी एवढेच सांगितले की, वर पडलेले पाणी अडवले की ते जीवन होते आणि बेफाम सुटले की संकट होते.

एका वळणावर थांबून मी बोटाने पश्चिमेकडे दाखवले. म्हटले, "या अंगाचे ओहोळ एकत्र होऊन आपली नदी होते. इकडे आपले घर." मुलगी बराच वेळ तिकडे पाहत राहिली.

माझी चूक

माचीला परत येऊन आम्ही जेवलो. पत्नीने पहाटे उठून केलेल्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि शेजारच्या बेनने दिलेले थेपले. जेवण झाल्यावर कागदी बशा व प्लॅस्टिकचे पेले मी एका पिशवीत कोंबले. जवळचा कचऱ्याचा डबा भरून वाहत होता. बसची वेळ झाली होती. मी ती पिशवी बाजूच्या कोरड्या ओघळीत, एका दगडाआड सारून दिली.

मुलीने पाहिले. तिने विचारले, "बाबा, पाऊस आला की हे कुठे जाईल?"

मी म्हटले, "अगं, कोणीतरी उचलेल."

"कोण?"

बंधुभगिनींनो, मी मंडळीत उपदेश करणारा मनुष्य. परंतु या एका शब्दापुढे मला उत्तर सुचले नाही. तासाभरापूर्वी उताराचे पाणी कोठे जाते ते मीच तिला शिकवले होते. ती पिशवी नेमकी आमच्याच दारी आली असती असे नाही. पण उतार तोच, नदी तीच. मी ओघळीत उतरलो, पिशवी उचलली आणि मांडीवर घेऊन घरी आणली. मुलाने आणखी चार बाटल्या गोळा केल्या. बसमध्ये वास आला, लोकांनी पाहिले. ते बरेच झाले.

रात्री तिने आणखी एक प्रश्न केला. "आपल्या मोरीचे पाणी कुठे जाते?" तेव्हा मला कळले की, धडा अर्धाच झाला होता. डोंगर आपल्या वर आहे, हे आपल्याला चटकन दिसते. परंतु बडोद्याच्या खालीही गावे आहेत. शहराचे सांडपाणी विश्वामित्रीत मिसळते. ती पुढे ढाढर नदीला मिळते आणि ते सर्व पाणी खंभातच्या आखाताकडे जाते. आपण पूरग्रस्त म्हणून वरच्यांकडे बोट दाखवतो. पण खालच्यांच्या दृष्टीने 'वरचे लोक' आपणच आहोत.

शास्त्र काय सांगते

स्तोत्र १०४ मध्ये देव डोंगरांतून झरे सोडतो व त्यांवर रानातील पशू, पक्षी व मनुष्य सारेच जगतात, असे वर्णन आहे. पाणी एकाचे नाही. यहेज्केलाच्या ३४ व्या अध्यायात देव धष्टपुष्ट मेंढरांना जाब विचारतो. त्यांचा दोष पाणी पिण्यात नाही. आपण निर्मळ पाणी पिऊन उरलेले पायांनी गढूळ केले आणि दुबळ्या मेंढरांना तेच प्यावे लागले, हा त्यांचा दोष आहे. यात चोरी नाही, मारहाण नाही. केवळ पुढे येणाऱ्याचा विचार नाही. माझ्या पिशवीचे पाप याच जातीचे होते.

शिक्षकांसाठी सूचना

सहलीला जाणे शक्य नसेल तर वर्गात परात घ्यावी. ओल्या मातीचा डोंगर करून पायथ्याशी कागदाची दोन घरे ठेवावीत, एक जवळ व एक त्याच्या पुढे. शेंड्यावर चिमूटभर हळद टाकून हळूहळू पाणी शिंपडावे. मग डोंगरावर बोटाने लहान खळगे करून पुन्हा शिंपडावे. काय फरक पडला ते मुलांनीच सांगावे. आपण घाईने सांगू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावाचे पिण्याचे पाणी कोठून येते? सांडपाणी कोठे जाते?
२. 'कोणीतरी करील' असे आपण घरात, मंडळीत केव्हा म्हणतो? तो 'कोणीतरी' बहुधा कोण असतो?
३. लहान मुलाने आपली चूक दाखवली तर आपण काय करतो? रागावतो की ओघळीत उतरतो?

मुलीची भीती पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही. मात्र परवा अवकाळी सर आली, तेव्हा ती उठून खिडकीशी आली आणि म्हणाली, "बाबा, डोंगरावरही पडत असेल ना?" आम्ही दोघांनी मिळून नदीकाठच्या सर्व घरांसाठी प्रार्थना केली. वरच्यांसाठी आणि खालच्यांसाठीही.