दोन दारे, एकच हाक



सहामाहीचे पेपर वाटले की एकदोन गुण वाढवून मागणाऱ्यांची टेबलाभोवती गर्दी होते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मात्र एक मुलगा उलट तक्रार घेऊन आला. "बाई, बेरीज चुकली आहे. मला चार गुण जास्त पडलेत." मी बेरीज करून पाहिली. चूक माझीच होती. ते चार गुण गेले तर त्याचा पहिला नंबर जाणार होता, आणि निकालपत्रक तर मुख्याध्यापकांकडे पोहोचलेही होते. क्षणभर माझ्याही मनात आले, आता राहू दे.

बायबलमधील 'नीतिसूत्रे' हा भाग वाचताना मला तो क्षण आठवतो. यात ३१ अध्याय असून त्यातील पुष्कळ वचने शलमोन राजाच्या नावावर आहेत. दहाव्या अध्यायापासून बरीच वचने जोडीजोडीने येतात. उद्योगी हात आणि आळशी हात, सौम्य उत्तर आणि कठोर शब्द. मध्ये एक 'पण' असतो. त्या 'पण'पाशी थांबून आपण कोणती बाजू घ्यायची ते ठरवायचे.

निवड दरवेळी इतकी सोपी असते का? नवव्या अध्यायात याचे सुंदर चित्र आहे. शहाणपण आणि मूर्खपणा या दोन स्त्रिया आहेत. दोघींची घरे गावात, दोघीही उंचावरून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावतात. गंमत म्हणजे दोघींची हाकही एकच आहे. भोळ्या माणसाने आत यावे असेच दोघी म्हणतात. मग ओळखायचे कसे?

आत काय वाढले आहे ते पाहायचे. शहाणपणाने सात खांबांचे घर बांधले आहे, जेवण रांधले आहे आणि दासींना आमंत्रण देऊन पाठवले आहे. सगळे उघड, कष्टाचे. मूर्खपणाच्या घरी रांधल्याचा उल्लेखच नाही. ती दारात बसून चोरीच्या पाण्याची आणि लपून खाल्लेल्या भाकरीची गोडी सांगते. म्हणजे परीक्षा सोपी आहे. जे करताना लपवावे लागते, ते कोणत्या घरचे आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. मित्राच्या वहीतून उतरवलेला गृहपाठ, आई आली की पालथा ठेवलेला मोबाईल, ही त्याच घरची भाकर.

हा धडा मोठ्यांनाही आहे. त्या काळी वजने दगडांची असत. लबाड व्यापारी घेताना जड आणि विकताना हलका दगड वापरी. या दुहेरी वजनांना 'नीतिसूत्रे' देवाला न आवडणारी गोष्ट म्हणते. शेजारचा मुलगा नापास झाला तर "अभ्यासच करत नाही", आणि आपला झाला तर "पेपर कठीण होता", हे दोन दगडच ना? प्रवेश देताना ओळखीच्याला एक नियम आणि अनोळख्याला दुसरा, हेही तेच. शिक्षक, पालक आणि विश्वस्त, आपण सर्वांनीच आपली पिशवी एकदा तपासून पाहावी.

आता त्या मुलाचे सांगते. मी निकालपत्रक परत मागून घेतले, लाल शाईने दुरुस्ती केली आणि खाली सही केली. मुख्याध्यापकांनी मला दोन शब्द सुनावले. ते रास्तच होते. मुलगा त्या वर्षी दुसरा आला. पहिला कसा हुकला ते त्याने वर्गात कुणाला सांगितले नाही, आणि मीही नाही. पण तेव्हापासून प्रत्येक पेपरची बेरीज मी दोनदा करते.

घरी बोलण्यासाठी:
१. या आठवड्यात मी कोणती गोष्ट लपवून केली? का?
२. 'पण' हा शब्द मध्ये घालून स्वतःच्या अनुभवातले एक वचन तयार करा.
३. पालकांनी मुलांना सांगावे: मी दोन दगड कधी वापरले?