भाला बाजूला ठेवून मगर धरताना

बेटम्याहून धारच्या रस्त्याला लागलं की घाटाबिल्लोदला चंबळ ओलांडावी लागते. इथे ती तशी लहानच. हीच नदी पुढे मुरैन्याच्या बाजूला गेली की तिच्या वाळूवर मगरी आणि घडियाल उन्हं खात पडलेले दिसतात. एके काळी मगरीला भाल्याने मारत. भाल्याचं अणकुचीदार टोक दांड्यातून सुटणारं असे, त्याला लांब दोर आणि दोराच्या शेवटी तरंगणारा लाकडाचा ओंडका. मगर बुडी मारून कुठेही गेली तरी ओंडका तिचा पत्ता सांगे. पुढे कातड्याच्या व्यापारामुळे बंदुका आल्या आणि देशभरातल्या नद्या ओस पडल्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला पहिल्या अनुसूचीत घातलं, 1975 मध्ये मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला, म्हणून आज त्या उरल्या आहेत. शिकार केल्यास तीन ते सात वर्षं कैद होते, आणि ती व्हायलाच हवी.

पण मगर धरावी लागते, हेही खरं. सांगलीला कृष्णा, चिपळूणला वाशिष्ठी, महाडला सावित्री, बडोद्याला विश्वामित्री. पाणी चढलं की मगर वस्तीत येते. ऑगस्ट 2024 च्या पुरात बडोद्याच्या अकोटा भागात एक मगर चक्क घराच्या छपरावर जाऊन बसली होती. अशा वेळी वनखात्याचे लोक आणि त्यांचे प्रशिक्षित स्वयंसेवक जी साधनं वापरतात त्यातली बहुतेक जुन्या शिकाऱ्यांचीच आहेत. गळला आहे तो फक्त भाला. हे काम त्यांचंच. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीशिवाय मगरीला दोर लावणं हाही गुन्हाच. तरीही गावाला कृती ठाऊक असावी, कारण गर्दी नीट वागली तरच ती पार पडते.

साहित्य मोजकं. दहा-बारा फुटांचा मजबूत बांबू, न तुटणारे दोन जाड दोर, भिजवलेली गोणपाटं, सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या, मऊ दोरी आणि मगरीपेक्षा लांब फळी किंवा शिडी. सात-आठ फुटी मगरीला सहा-सात माणसं लागतात आणि हुकूम एकाचाच चालतो.

सगळ्यात आधी पाणी किती लांब आहे ते बघायचं. नदी जवळ असेल तर काहीच करायचं नाही. कुत्री बांधायची, माणसं हटवायची, पाण्याकडची वाट मोकळी सोडायची. बहुतेक वेळा मगर आपणहून परत जाते. वाट अडवून बॅटऱ्या मारणारी गर्दी असली तर मगर जागीच दबा धरून बसते आणि मग जवळ येईल त्याला फटका देते.

धरायचीच वेळ आली तर शक्यतो पहाट गाठावी. थंड रक्ताचा प्राणी, गारव्यात तिच्या हालचाली मंद असतात. बांबूच्या टोकाला दोराचा सरफास लावून मागच्या तिरक्या बाजूने जायचं. समोरून कधीच नाही, आणि शेपटीच्या टप्प्यातही नाही. तिने तोंड उघडलं की फास वरच्या जबड्यात, दातांच्या मागे बसवायचा. तो आवळला की मगर स्वतःभोवती गरागरा फिरते. इथेच नवखे लोक चुकतात आणि जोर लावून ओढतात. ओढायचं नाही. दोर तिच्या अंगाच्या रेषेत ठेवून तिच्यासोबत फिरू द्यायचा. झटापट लांबली तर तिच्या स्नायूंत आम्ल साचतं आणि मोठी मगर नंतर काही तासांनी त्यानेच मरू शकते. म्हणून कामात चपळाई हवी, ताकद दुय्यम.

ती थांबली की ओलं गोणपाट डोळ्यांवर टाकायचं. साऱ्या कृतीचं मर्म या एका पायरीत आहे. डोळे झाकले की मगर निवळते. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इजिप्तमधली मगरीची शिकार लिहून ठेवली. डुकराच्या मांसाचा गळ टाकून तिला काठावर ओढलं की शिकारी आधी तिच्या डोळ्यांवर चिखल थापत. तेवढं साधलं की बाकीचं सोपं, असं तो सांगतो. नाईलकाठच्या त्या चिखलाची जागा आपल्याकडे गोणपाटाने घेतली आहे.

मग एकाने मागून येऊन खांद्यांच्या मागे भार द्यायचा, दोन्ही हातांनी मान जमिनीशी दाबायची. दुसऱ्याने शेपटीच्या मुळाशी. जबडा मिटलेला असतानाच ट्यूबची पट्टी दोन ठिकाणी गुंडाळायची. मगरीचा चावा भयंकर, पण तोंड उघडणारे स्नायू दुबळे, म्हणून रबराची पट्टी पुरते. नाकपुड्या जबड्याच्या टोकाशी वरच्या अंगाला असतात, त्या मोकळ्या राहिल्याच पाहिजेत. पाय अंगालगत मागे वळवून मऊ दोरीने सैल बांधायचे आणि तिला सपाट फळीवर घ्यायचं. शेपटी धरून उचलायची नाही, कण्याला इजा होते.

वाटेत सावली आणि ओलं कापड, एवढंच. सोडायचं ते त्याच नदीत, वस्तीपासून दूर. तोंड पाण्याकडे, आधी पाय मोकळे, मग जबड्याची पट्टी, डोळ्यांवरचं गोणपाट सर्वात शेवटी, आणि तेही मागच्या बाजूने.

महाराष्ट्रात वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे. इंदूर-धारकडच्या किंवा बडोद्याच्या वाचकांनी आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा क्रमांक पावसाळ्याआधीच मिळवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावा. मगर दिसली की पहिला फोन तिथे करा, आणि माणसं येईपर्यंत गर्दी मागे ठेवा.