ज्याचा त्याचा नेम

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटच्या सागवनांतून वळणे घेत जातो. त्या वाटेवर, सिपना नदीच्या काठी, सेमाडोह हे लहानसे गाव वसलेले आहे. अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यातील ह्या परिसरात कोरकू लोकांची वस्ती मोठी. येथील कोरकू मूल घरी कोरकू बोलते आणि शाळेत मराठी शिकते. मुळाक्षरे सर्वांना तीच. परंतु ज्याने मराठी आईच्या मांडीवर ऐकली त्याला, आणि ज्याच्या कानी ती प्रथम शाळेतच पडली त्याला, एकाच रीतीने शिकवून भागत नाही. जी गोष्ट अक्षरांची, तीच खेळांची.

समजा, अशाच एखाद्या गावच्या मैदानावर धनुर्विद्येचा वर्ग भरला आहे. दहा-बारा मुले एका ओळीत उभी आहेत. गुरुजींनी सर्वांना एकच पाठ दिला आहे : धनुष्य डाव्या हातात धरावे, प्रत्यंचा उजव्या हाताने ओढावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरावा. इतरांचे बाण लक्ष्याच्या आसपास तरी पडतात. एका मुलीचा बाण मात्र दर वेळी डावीकडे जातो. ती मन लावून शिकते, श्वास रोखून नेम धरते; तरीही बाण डावीकडेच! मुले हसू लागतात. गुरुजी तोच पाठ पुन्हा, जरा चढ्या आवाजात सांगतात. चौथ्या दिवशी ती मुलगी मैदानावर येतच नाही.

तिचे चुकले कोठे? माणसाच्या दोन डोळ्यांपैकी एक डोळा प्रमुख असतो. नेम धरताना मेंदू त्याचेच ऐकतो. पुष्कळांचा उजवा हात व उजवा डोळा हे दोन्ही प्रमुख असतात. परंतु काहींचा हात उजवा आणि डोळा डावा असतो. ही मुलगी त्यांपैकी एक. बाण तिच्या उजव्या डोळ्याखाली, आणि नेम धरीत होता डावा डोळा. मग बाण सरळ जावा कसा?

हे ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. दोन्ही हात पुढे पसरून तळव्यांच्या मध्ये लहानसा झरोका करावा व त्यातून दूरचे एखादे झाड पाहावे. नंतर एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना झाड झरोक्यातच राहते, तो प्रमुख डोळा. एवढी परीक्षा पहिल्याच दिवशी झाली असती, तर त्या मुलीच्या उजव्या हातात धनुष्य देऊन पाहता आले असते, अथवा डावा डोळा झाकून नेम धरण्यास सांगता आले असते.

ह्याचा अर्थ असा नव्हे की, ज्याने त्याने मनाला येईल तसे बाण मारावेत. धनुर्विद्येची काही मूलतत्त्वे कोणालाही सुटलेली नाहीत. पाय स्थिर हवेत, खांदे खाली हवेत, ओढलेला हात दर वेळी हनुवटीपाशी त्याच जागी यावयास हवा आणि बाण सुटताना हाताला हिसका बसता कामा नये. परंतु धनुष्य किती ताणाचे असावे, प्रत्यंचा किती मागे ओढावी, बाण किती लांब असावा, हे सर्व त्या त्या विद्यार्थ्याच्या हातांच्या लांबीवर व अंगातील बळावर ठरते. नाजूक अंगाच्या मुलाला जड धनुष्य दिले, तर त्याचा खांदा उचलला जातो, हात कापतो आणि खांद्याला दुखापत होण्याचा धोका असतो.

मग दोष कोणता आणि जन्मजात ठेवण कोणती, हे ओळखावे कसे? लक्ष्यच ते सांगते. बाण चहूकडे विखुरले असतील, तर मूलतत्त्वांत कोठे तरी उणीव आहे. ती निष्ठुरपणे दूर केली पाहिजे. परंतु सर्व बाण एकाच जागी, पण मध्यबिंदूपासून दूर, दाटीने रुतले असतील, तर तो हात एकसारखा चालत आहे. त्याला मोडू नये. केवळ नेम सरकवावा. त्या मुलीचे बाण असेच एका जागी पडत होते. ते कोणी नीट पाहिले नाही.

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथील जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात महाराष्ट्राच्या दोन खेळाडूंनी वैयक्तिक सुवर्णपदके मिळविली. साताऱ्याची अदिती स्वामी तेव्हा अवघी १७ वर्षांची होती. तिने अंतिम सामना १४९-१४७ असा जिंकला. नागपूरचा ओजस देवतळे २१ वर्षांचा होता. त्याने १५ बाणांत १५० पैकी १५० गुण मिळवून प्रतिस्पर्ध्यावर एका गुणाने मात केली. लक्ष्य ५० मीटरांवर आणि दहा गुणांचे वर्तुळ केवळ ८ सेंटिमीटर व्यासाचे! दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत ह्या एकाच प्रशिक्षकाचे शिष्य. तत्त्वे दोघांना तीच. परंतु कंपाउंड धनुष्याची ओढ व ताण ज्याच्या त्याच्या शरीराच्या मापाने बसवावे लागतात. एकाचे धनुष्य जसेच्या तसे दुसऱ्याच्या हाती देऊन चालत नाही.

अमेरिकेत हार्वे पेनिक नावाचे गोल्फचे विख्यात शिक्षक होऊन गेले. टॉम काइट व बेन क्रेनशॉ हे त्यांचे दोन नामांकित शिष्य. एकाला शिकविताना दुसऱ्याने ते पाहू नये, असा पेनिक ह्यांचा दंडक होता. कारण एकाचे औषध दुसऱ्याला अपायकारक ठरावयाचे. पुढे काइटने १९९२ मध्ये अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. क्रेनशॉने मास्टर्स स्पर्धा १९८४ मध्ये आणि पुन्हा १९९५ मध्ये जिंकली. ह्या दुसऱ्या विजयाच्या थोडेच दिवस आधी गुरूचे निधन झाले होते आणि शिष्य त्यांच्या अंत्ययात्रेहून परतून खेळला होता.

आपल्या महाभारतातही द्रोणाचार्यांनी सर्व राजपुत्रांना एकाच शस्त्रात जखडले नाही. भीम गदेत, नकुल-सहदेव खड्गात, युधिष्ठिर रथयुद्धात आणि अर्जुन धनुर्विद्येत निष्णात झाला. परंतु त्याच द्रोणांनी रानातल्या एकलव्याचा अंगठा मागितला, हे जग आजही विसरलेले नाही. गुरूने शिष्याच्या हाताला द्यावे. त्या हाताचे काही घेऊ नये.

मैदान सोडून गेलेली ती मुलगी धनुर्विद्येला नालायक नव्हती. तिला हवा होता, आवाज न चढविता तिच्या बाणांकडे दोन क्षण पाहणारा एक गुरू.

शब्दार्थ : प्रत्यंचा – धनुष्याची दोरी. दंडक – कडक नियम. ठेवण – शरीराची घडण. निष्णात – पूर्ण प्रवीण.

स्वाध्याय
१. बाण विखुरलेले असणे आणि एका जागी असणे, ह्यांतून शिक्षकाला काय कळते?
२. धनुर्विद्येतील न बदलणाऱ्या व बदलणाऱ्या गोष्टींची यादी करा.
३. पाठात सांगितलेल्या रीतीने आपला प्रमुख डोळा कोणता, ते शोधा.