पेट्रोलचा काटा अडकलाय? आधी मागची सीट उचला

आमच्या जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा गेल्या पावसाळ्यात तळाला गेला आणि टाकी फुल्ल केली तरी हलेना. गॅरेजमध्ये काहीही न तपासता पंपासकट अख्खं युनिट बदलायला सांगितलं, खर्च सात हजार. प्रत्यक्षात मागच्या सीटखालच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. त्या साफ केल्या आणि काटा चालू झाला. म्हणून आग्रहानं सांगते, बिघाड नक्की कुठं आहे ते कळल्याशिवाय पैसे मोजू नका.

टाकीत पेट्रोलवर एक फ्लोट तरंगत असतो. तो वरखाली झाला की त्याचा दांडा एका पट्टीवर सरकतो, विजेचा रोध बदलतो आणि त्यावरून काटा हलतो. पेट्रोलबरोबर बाकीचे काटेही बंद असतील तर आधी फ्यूज बघा. तो दहा-वीस रुपयांना मिळतो, मात्र जितक्या अँपिअरचा होता तितक्याचाच घाला. एकटा पेट्रोलचाच काटा बंद असेल तर संशय फ्लोटवर किंवा त्याच्या वायरवर.

बऱ्याच छोट्या गाड्यांत मागची सीट उचलली की टाकीवरचं झाकण आणि कनेक्टर दिसतो. चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, दारं उघडी ठेवा, आसपास विडी-सिगारेट नको. पेट्रोलचा वास येत असेल तर तिथंच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. कनेक्टरवर गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. डबा दोन-चारशे रुपयांना येतो आणि कित्येक वर्षं पुरतो.

तरीही काटा हलला नाही तर तीन-चारशेचा साधा मल्टिमीटर घ्या. कनेक्टर सुटा करून टाकीच्या बाजूच्या फ्लोटच्या दोन पिनांमधला रोध मोजा. जाड वायरींच्या पिना पंपाच्या, त्यांना हात लावू नका. आकडा लिहून ठेवा, कनेक्टर आणि बॅटरीची वायर परत जोडा, दहा लिटर पेट्रोल भरा आणि घरी येऊन तसाच पुन्हा मोजा. आकडा बदलला तर फ्लोट ठीक आहे, दोष वायरीत किंवा डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये. आकडा तोच राहिला किंवा आलाच नाही तर फ्लोट गेला. एवढं कळलं की गॅरेजमध्ये कुणी तुम्हाला उगाच अख्खं युनिट विकू शकत नाही.

टाकी उघडण्याचं काम मात्र घरी करू नका. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. स्पेअर पार्टच्या दुकानात ‘फक्त फ्लोट वेगळा मिळेल का’ असं विचारा. बऱ्याच गाड्यांना तो हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतो, मजुरी पाचशे ते हजार. पंपासह युनिट कित्येक हजारांत जातं. झाकणाचं रबर सील नवंच बसवून घ्या आणि जुना फ्लोट परत मागा. मीटर बदलावं लागलं तर जुन्या मीटरवरचे किलोमीटर बिलावर लिहून घ्यायला विसरू नका. वॉरंटी चालू असेल तर यातलं काहीच उघडू नका, थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

दुरुस्ती होईपर्यंत टाकी फुल्ल करून ट्रिप मीटर शून्यावर आणा. 35 लिटरची टाकी आणि लिटरला 15 किलोमीटर असा हिशेब असेल तर 350 किलोमीटरला पुन्हा भरा. सीएनजीवाल्यांनीही पेट्रोलची टाकी तळाला जाऊ देऊ नये. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, कोरडा चालला तर जळतो, आणि त्याचा खर्च फ्लोटच्या कितीतरी पट असतो.