नफा, शिल्लक आणि संस्थेचे आयुष्य

व्यवसाय टिकण्यासाठी नफा झालाच पाहिजे काय? या प्रश्नाला आपल्याकडे सहसा दोन टोकांची उत्तरे मिळतात. काहींना नफा म्हणजे लूट वाटते, तर काहींना नफा हेच यश वाटते. इतिहास आणि धम्म यांच्या आधारे या दोन्ही समजुती तपासून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेऊ. उत्पन्नातून सर्व खर्च वजा जाता उरते ती शिल्लक. तिचा विनियोग कोणासाठी होतो, हा पुढचा प्रश्न. या खर्चात स्वतःच्या श्रमाचे मोलही धरले पाहिजे. आपले जूचंद्र रांगोळीसाठी प्रसिद्ध आहे. एखाद्या कलावंताने केवळ रंगांची किंमत धरून मोबदला सांगितला आणि रात्रभराचे श्रम हिशेबात धरलेच नाहीत, तर वहीत नफा दिसेल. पण ती कला त्याचे घर चालवू शकणार नाही.

आता आपल्या चळवळीचा दाखला घेऊ. 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले. मागे वर्गणीदार अपुरे, जाहिराती तुरळक, व्यवस्थापनात मतभेद. 1923 साली पत्र बंद पडले. 3 एप्रिल 1927 रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्यातील बराचसा मजकूर बाबासाहेब स्वतः, मोबदल्याविना लिहीत. तरीही वाचकांना मदतीची आवाहने करावी लागली आणि नोव्हेंबर 1929 मध्ये तेही थांबले.

या पत्रांचा हेतू नफा कमावणे हा नव्हता. त्यांची समाजाला गरज नव्हती, असेही कोणी म्हणणार नाही. तरीही ती बंद पडली, कारण कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च हेतूच्या उदात्ततेने भागत नाही. उदार दात्याच्या देणगीने आरंभ होऊ शकतो. सातत्य मात्र शेकडो सामान्य माणसांच्या वेळेवर येणाऱ्या वर्गणीनेच लाभते.

मग धम्म काय सांगतो? सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्याचा उपदेश केला आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवावा. म्हणजे मिळकत निषिद्ध नाही. ती सगळी खाऊन टाकणे अहिताचे आहे. त्याचबरोबर शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, अशी मर्यादाही घातली आहे. विषारी धंद्यात कितीही शिल्लक पडली तरी ती सम्यक आजीविका ठरत नाही.

या उपदेशाशी मिळतीजुळती तरतूद आधुनिक कायद्यातही आढळते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 अनुसार नफा मिळवणाऱ्या संस्थेने निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि भागधारकांच्या लाभांशावरही मर्यादा असते. नफा होऊ द्या, परंतु तो सगळा वाटून टाकू नका, हे त्यामागील सूत्र आहे.

म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : शिल्लक अनिवार्य आहे; ती मालकाचीच असावी, हे अनिवार्य नाही. दुकानात ती पुढच्या मालासाठी लागते, पतसंस्थेत बुडीत कर्ज सोसण्यासाठी, तर निवासी शाळेत गळके छप्पर आणि पुढच्या वर्षीचे धान्य यांसाठी. ज्या वर्षी शिल्लक नसते, त्या वर्षीची तूट कोणीतरी सोसतच असते. कधी शिक्षकाचे वेतन थकते, कधी मुलांच्या ताटातील डाळ पातळ होते.

आपल्या समाजाला संस्था उभारण्याची उमेद आहे. संस्था चालवण्याची शिस्त आता अंगी बाणवायची आहे. आपल्याच माणसाच्या दुकानातील उधारी वेळेवर फेडणे, नियतकालिकाची वर्गणी मागणी येण्यापूर्वी भरणे, वसतिगृहाचा जमाखर्च सभेत मांडणे आणि उपस्थितांनी तो बारकाईने तपासणे, हीदेखील चळवळीचीच कामे आहेत. बाबासाहेबांची दोन पत्रे ज्या उणिवेने थांबली, ती भरून काढणे हे त्यांच्या वाचकांच्या वारसांचे, म्हणजेच आपले कर्तव्य आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!